पहिला आलेला वाण

ज्वारीच्या पाच वाणांचा एक जुना तक्ता माझ्याकडे आहे. तळाशी 'सी.डी.' म्हणून एक आकडा, आणि पहिल्या व शेवटच्या वाणातले अंतर त्या आकड्याहून जेमतेम जास्त. तेवढ्या आधारावर पहिल्याची शिफारस मीच लिहिली. पुढच्या रब्बीत तेच शिवार, तीच मांडणी. आणि आमचा पहिला वाण तिसरा आला. पाऊस कमी झाला, असे कारण मी अहवालात दिले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते.

सी.डी. म्हणजे क्रिटिकल डिफरन्स. दोन सरासरींतला फरक त्याहून मोठा असला, तर तो निव्वळ योगायोग मानायचा नाही. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४च्या ग्रंथावर शिकलेल्या आम्हा मंडळींच्या तो अंगवळणी पडलेला. या कसोटीत चुकण्याची मुभा शंभरात ५, पण ती एका जोडीपुरती. पाच वाणांच्या जोड्या होतात १०. वाण मुळात सगळे सारखेच असले, तरी एखादी जोडी 'सार्थक' ठरण्याची शक्यता सुमारे २९ टक्के. (४० टक्के सांगणारेही भेटतात, पण एकच वाण चार जोड्यांत असल्याने जोड्या परस्परांपासून सुट्या नसतात.) १० वाण घेतले, तर ती ६० टक्क्यांपलीकडे जाते. म्हणून आधी सर्व गटांची एकत्रित एफ कसोटी, ती उतरली तरच जोड्यांकडे वळायचे, हा रोनाल्ड फिशरचा दंडक. घाईत आम्ही ती पायरी गाळत असू. जॉन ट्युकीची रीत अधिक कडक: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान सरासरींत योगायोगाने किती अंतर पडू शकते, तेच ती मोजते.

तरीही सगळे सुटत नाही. फरक खरा आहे आणि दिसला तेवढाच आहे असे धरले, तरी जेमतेम सीमेवरचा निकाल पुन्हा सीमा ओलांडेल याची शक्यता निम्मीच. नाणेफेक म्हणा ना! शिवाय पहिला वाण पहिला येतो तो थोडा गुणाने, थोडा नशिबाने, आणि नशीब पुढच्या हंगामात सोबत येईलच असे नाही. मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. मुळात ९७ निकाल सार्थक होते; पुन्हा केल्यावर जेमतेम ३६ टक्के तसे निघाले.

मी नंतर त्या तक्त्याच्या कडेला पेन्सिलीने ट्युकीचा आकडा काढला. पहिल्या-शेवटच्यातले अंतर त्याच्या आतच बसते. शिफारशीचे पत्रक मात्र तोवर गावोगाव गेले होते.