घोड्याला खाऊ देताना

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती आली की आपल्या नवागाममधली कितीतरी कुटुंबे सारंगखेड्याच्या यात्रेला निघतात. उधन्याला गाडी धरायची, दोंडाईचाला उतरायचे आणि पुढे बस किंवा जीप. आपल्या सुरतेतून वाहणारी तापीच तिथेही आहे. एकमुखी दत्ताचे दर्शन झाले की मुलांचे पाय घोडेबाजाराकडे वळतात आणि हातातला खाऊ घोड्यापुढे जातो. लग्नसराईत तर वरातीचा घोडा आपल्या दारातच येतो.

पण प्रेमाने दिलेला घास त्याला सोसतोच असे नाही. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. आपल्याला बाधलेले बाहेर पडते, घोड्याने गिळलेले आतच राहते. पाव, शिळी पोळी, भात, लाडू असे एकदम जास्त गेले की ते न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, वायू धरतो, पोटशूळ उठतो. घोडा वळून वळून पोटाकडे बघतो, जमिनीवर लोळतो. कधी खुरांच्या आत सूज येते. यात घोडा दगावतोसुद्धा, आणि घोडेवाल्याची चूल त्याच्याच जिवावर पेटत असते.

मग द्यावे काय? गाजर उत्तम, मात्र गोल चकत्या घशात अडकतात, म्हणून लांब उभ्या फोडी कराव्यात. सफरचंद बिया काढून द्यावे. गुळाचा खडा सुपारीएवढा, तोही एकच. वीस घरांनी वीस खडे दिले तर त्याचा हिशोब आपण कुणीच ठेवत नाही! म्हणून आधी विचारायचे, "काका, खाऊ देऊ का?" सकाळी चंदी किती झाली, पोट बरे आहे की नाही, हे त्यांनाच ठाऊक असते.

कांदा, बटाटा, चॉकलेट, आंब्याची कोय नकोच. सर्वांत वाईट कण्हेर. रस्त्याच्या दुभाजकात ती सर्रास दिसते. तिची मूठभर पाने, वाळलेली असली तरी, घोड्याचा जीव घेतात. पालकांनी वरातीच्या घोड्याचा हारही एकदा पाहून घ्यावा.

खाऊ देताना तळहात सपाट ठेवा, अंगठा बोटांना चिकटवा. घोड्याला स्वतःच्या तोंडाखालचे दिसत नाही, तो ओठांनी चाचपतो. चिमटीत धरलेल्या गाजराबरोबर बोटही दातांत जाते. आणि तोंडात लगाम असेल तर थांबा. वरात संपून लगाम उतरला की मग गाजर द्या.