मुलाकातीला जाताना शाळेचा दाखलाही न्या

घरातला माणूस तुरुंगात गेला की आपल्या लोकांची धावपळ होते ती वकिलासाठी आणि जामीनदारासाठी. ती करायलाच हवी. पण तारखांवर तारखा पडतात, वर्ष-दोन वर्षे निघून जातात आणि आतला पोरगा तेवढा काळ नुसता बसून असतो, याकडे घरात कोणाचे लक्ष जात नाही. वाचकांशी आज आम्हाला बोलायचे आहे ते या वाया जाणाऱ्या वर्षांबद्दल.

२०२२ सालच्या सरकारी अहवालाप्रमाणे देशातील तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांत शंभरात पंचाहत्तर कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नव्हता. अजिबात न शिकलेले आणि दहावीच्या आत शाळा सुटलेले मिळून निम्म्याहून जास्त होते. ही माणसे कोणत्या वस्तीतून आलेली असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आपल्या भागातला, म्हणजे सेनगाव, कळमनुरी, वसमतकडचा कच्चा कैदी बहुधा परभणीच्या जिल्हा कारागृहात असतो. मोठी शिक्षा लागली की त्याला मध्यवर्ती कारागृहात पाठवतात. हर्सूलचे कारागृह हिंगोलीपासून दोनशे किलोमीटरहून लांब आहे. पण शिक्षणाची जी काही सोय असते, ती मुख्यतः अशा मोठ्या कारागृहांतच असते. पक्क्या कैद्याला काम असते, त्याची मजुरी मिळते. कच्च्या कैद्याला सक्तीचे काम नसते, म्हणून त्याचा दिवस रिकामा जातो. ज्याच्याकडे वेळ जास्त, त्याच्याकडे पुस्तक कमी, अशी ही उलटी तऱ्हा आहे.

तरीही वाट आहे. दहावी-बारावीसाठी बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. नाशिक रोड आणि नागपूरच्या कारागृहांत अशी अभ्यास केंद्रे चाललेली आहेत. शिक्षा भोगणारा कैदी परीक्षा पास झाला, तर त्याला शिक्षेत काही दिवसांची खास माफीही मिळते.

कच्च्या कैद्याला शिकण्याचा हक्क आहे का, असे कोणी विचारले तर महेश राऊत यांचे उदाहरण सांगावे. भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरणात २०१८ साली त्यांना अटक झाली. तळोजा कारागृहात असताना त्यांनी कायद्याच्या प्रवेशाची परीक्षा दिली आणि त्यांना मुंबईच्या सिद्धार्थ लॉ कॉलेजात जागा मिळाली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे, १९५६ सालचे हे कॉलेज. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना प्रवेश घेण्याची परवानगी दिली. तुरुंगात असला म्हणून माणसाचा शिक्षणाचा हक्क संपत नाही, असाच त्या निकालाचा अर्थ आहे. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांनीही कैदेत अभ्यास करून १९८९ साली कायद्याची पदवी मिळवली होती.

"गुन्हेगाराला कशाला शिकवायचे?" असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना आम्ही एवढेच म्हणू की, तो माणूस एक दिवस बाहेर येणार आहे आणि येणार तो आपल्याच वस्तीत. हातात दाखला घेऊन आला तर कामाला लागेल. रिकाम्या हाताने आला तर त्याला पुन्हा जुनीच संगत भेटेल.

म्हणून मुलाकातीला जाल तेव्हा त्याला विचारा, शाळा कितवीत सुटली, पुढे शिकायचे का. गावच्या शाळेतून त्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. पुष्कळ फॉर्म अडतात ते या एका कागदापायी. आधार कार्डाची नक्कल आणि फोटोही जवळ असू द्या. त्याला तुरुंग अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर सोबतच्या शिकलेल्या कैद्याकडून लिहून घेऊ द्या. अर्ज अडून राहिला तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कैदेतील माणसाला तिथे वकील फुकट मिळतो.

आमच्या मंडळांनीही एक काम करावे. जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून दहावीची जुनी पुस्तके जमवावीत आणि अधीक्षकांची परवानगी घेऊन परभणीच्या कारागृहात पोचवावीत. खर्च फार नाही. पण आतल्या पोराला कळेल की, बाहेर आपली कोणी वाट पाहत आहे.