बांधावरचं सीताफळ

परभणीच्या काळ्या रानात सोयाबीन-कापसाला ऐन वेळी पावसाने दगा दिला की हंगाम गेलाच. म्हणून बांधावर झाड हवं. ‘सावलीने पीक दबतं’ ही तक्रार खोटी नाही, बाभळीलगतची तासं खुरटीच राहतात. पण सीताफळ बुटकं, छाटणी सोसणारं. उन्हाळ्यात पानं गाळून तगतं आणि उग्र वासामुळे शेळीही पाल्याला सहसा तोंड लावत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे. खरी अडचण तोडणीनंतरची: फळ तीन-चार दिवसांत पिकून फुटतं, तेव्हा बाजार जवळच हवा किंवा गर काढण्याची सोय. शेतात पिकांसोबत झाडं लावण्याला उत्तेजन देणारं राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण २०१४ मध्ये आलं. सामाईक बांधाचं भांडण मात्र त्याने मिटत नाही. रोप आपल्याच हद्दीत, हातभर आत लावलेलं बरं.