उलाळ गाडी आणि वाढतें कुटुंब

गाडी भरतांना माल मागें झाला तर ती उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्यांस जोत्यांचा फास बसतो. माल फार पुढें झाला तर धुरीवर भार येऊन त्यांचे खांदे सुजतात. हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु हाच नियम समुद्रापलीकडे, हमरस्त्यावर धांवणाऱ्या मोटारगाडीस कसा लागू पडला, व तो ध्यानांत न राहिल्यामुळें आमच्या घरचीं सहा माणसें कशीं संकटांत आलीं, ती हकीकत आज सांगावीशी वाटते.

आमचा एक पुतण्या अमेरिकेंतील आयोवा राज्यांत शेतकी यंत्रांच्या कारखान्यांत नोकरीस आहे. तो सगळा मुलूख मका व सोयाबीन यांचा. तेथें पुष्कळांच्या दारीं पिकअप गाडी असते: पुढें माणसें बसण्याचा कप्पा आणि मागें मालाचा उघडा हौदा. सुटीच्या दिवसांत हे लोक पिकअपमागें राहण्याच्या सोयीचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरची एक खोलीच, जोडतात आणि मुलांबाळांसह डोंगरांत किंवा तळ्यांकांठीं जाऊन राहतात. पुतण्यासही ती गोडी लागली.

लग्न झालें तेव्हां त्यानें घेतलेली पिकअप दोन दारांची होती. मागें बाजूकडे तोंड करून बसण्याचीं दोन घडीचीं आसनें होतीं. पहिलें मूल झालें तेव्हांच अडचण सुरू झाली. तान्ह्या मुलास तिकडे गाडीच्या मागल्या अंगास तोंड करून खास आसनांत बांधावें लागतें. तें आसन बाजूकडे तोंड असलेल्या बैठकीवर लावतां येत नाहीं. आणि पुढल्या बैठकीसमोर अपघातांत फुगणारी हवेची पिशवी चालू असेल तर तेथेंही तें लावणें म्हणजे मुलाच्या जिवाशीं खेळ आहे. म्हणून कांहीं वर्षें सूनबाईंची लहान मोटारच कुटुंबाच्या उपयोगीं पडली, पण तिच्यानें ट्रेलर ओढवेना. २०२२ सालीं तिसरें अपत्य झालें, आमच्या वहिनीही मुलाकडे राहावयास गेल्या, आणि पिकअपमध्यें सहा माणसें कशीं बसवावीं हा प्रश्न उभा राहिला. हौद्यावर छत टाकून आंत एक बांक ठोकावें, असें पुतण्याच्या मनांत आलें होतें. सूनबाईंनीं ती कल्पना एका शब्दांत निकालांत काढली. हौद्यांत बसलेल्या माणसास अपघाताच्या वेळीं धरून ठेवणारें कांहींच नसतें.

मालाच्या गाडींत घरच्या माणसांस जागा हवी, ही मागणी मात्र नवी नव्हे. १९३२ सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांताच्या गिप्सलंड भागांतून एका शेतकऱ्याच्या पत्नीनें फोर्ड कंपनीस पत्र लिहिलें, कीं रविवारीं प्रार्थनेस नेईल आणि सोमवारीं डुकरें बाजारांत पोंचवील अशी एकच गाडी आम्हांस द्या. त्यावरून लू बँट या तरुण आरेखकानें १९३४ सालीं जी गाडी सिद्ध केली तिला तिकडे ‘यूट’ म्हणतात. अमेरिकेंत दुसरी बांक असलेली पिकअप प्रथम काढली ती कापणीयंत्रें व ट्रॅक्टर बनविणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें, १९५७ सालीं. ट्रॅव्हलेट हें तिचें नांव. सहा माणसें बसत, परंतु दारें तीनच होतीं. चौथें दार पुढें चार वर्षांनीं आलें. याच कंपनीच्या सहकार्यानें १९६३ पासून आपल्या देशांत बी-२७५ ट्रॅक्टर बनूं लागला, तेव्हां आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस तिचें नांव अपरिचित नसावें. अशा गाड्या आरंभीं मुख्यतः कामकऱ्यांच्या टोळ्या नेण्यासाठीं विकत घेतल्या जात. कुटुंबें त्यांत मागाहून शिरलीं.

अशीच चार दारांची एक जुनी पिकअप पुतण्यानें घेतली. पुढल्या दोन बैठकींमधला खोका काढून तेथें त्याच गाडीसाठीं कारखान्यानें केलेली मधली बैठक पट्ट्यासह बसवून घेतली. म्हणजे तिघें पुढें आणि तिन्ही मुलें आपापल्या आसनांत मागें. हौद्यावर सामानासाठीं टणक छत चढविलें. ट्रेलर जोडल्यावर गाडीचा मागला भाग खालीं दबत असे, म्हणून मागल्या कमानींस हवेच्या पिशव्यांचा आधार दिला. गाडी पुन्हां सरळ दिसूं लागली. विक्रेत्यानें सांगितलें होतें कीं ही गाडी ४००० किलो ओढते, आणि ट्रेलर तर भरून २७०० किलोचाच होता. मग चिंता कसली?

२०२३ च्या जून महिन्यांत मंडळी साउथ डाकोटा राज्यांतील ब्लॅक हिल्स डोंगरांकडे निघाली. सू फॉल्स शहराच्या पश्चिमेस सपाट माळ आहे व वारा सतत वाहतो. एक मोठा मालट्रक वेगानें शेजारून पुढें गेला, आणि त्याच्या झोतासरशीं ट्रेलरचें शेंपूट हललें. एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे, प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा, आणि त्याबरोबर पिकअपचाही मागला भाग ओढला जाऊं लागला. मुलें रडूं लागलीं. पुतण्यास नशिबानें सुचलें तें योग्य होतें. त्यानें पिकअपचा ब्रेक दाबला नाहीं, वेग वाढविला नाहीं, चाक उलटसुलट फिरविलें नाहीं. इंधनावरील पाय काढला, चाक सरळ धरलें आणि केवळ ट्रेलरचे ब्रेक लावण्याची जी वेगळी कळ हाताशीं असते ती दाबली. ट्रेलर मागून ताणला जाऊन हळूहळू रांगेंत आला.

गाडी थांबल्यावर वहिनी खालीं उतरल्या. ट्रेलरच्या मागल्या टोंकाशीं पाण्याची टांकी कांठोकांठ भरलेली, तिच्यावर जळाऊ लांकडें, त्याहीमागें टांगलेल्या तीन सायकली. त्या म्हणाल्या, “अरे, ही गाडी उलाळ झाली आहे. तुझ्या आजोबांनीं हिला गांवाबाहेर काढूं दिली नसती.”

जवळच धान्य सांठविणाऱ्या एका सहकारी संस्थेचा वजनकाटा होता. सुगी नसल्यानें मोकळा होता. तेथें त्यांनीं जें वजन केलें त्याची रीत आपल्याकडेही उपयोगी पडेल. ट्रेलर जोडलेला ठेवून फक्त पिकअपचीं चारी चाकें काट्यावर घ्यावीं, नंतर ट्रेलर सोडून पिकअप पुन्हां तोलावी; दोहोंतील अंतर म्हणजे धुरीवरचा भार. तो निघाला १६० किलो, म्हणजे ट्रेलरच्या वजनाच्या शेंकडा सहा. असा भार शेंकडा १० ते १५ असावा लागतो. त्याहून कमी झाला कीं वेग वाढतांच ट्रेलर डुलूं लागतो.

मग उपाय सोपा. टांकी रिकामी करा, माल पुढें सारा! पुतण्याही तसेंच म्हणाला. परंतु काट्यावरील वृद्ध नोकरानें त्यास चालकाच्या दाराच्या चौकटीवरील लहानशी पट्टी वाचावयास लाविली. माणसें व सामान मिळून ६८० किलोंहून अधिक भार या गाडींत कधींही नसावा, असा तिचा आशय होता. (तिकडे पौंड चालतात; आम्हीं किलो केले आहेत.) ट्रेलर कितीही मागें असला तरी त्याच्या धुरीचा भार पिकअपच्याच पाठीवर येतो, म्हणून तोही या ६८० मध्येंच धरावयाचा. सहा माणसें २६१ किलो, मुलांचीं आसनें २५, छत ८५, ट्रेलर जोडण्याचें लोखंड ४०, हौद्यांतलें सामान ७०. त्यांत उलाळ ट्रेलरचे १६० मिळविले तर ६४१ होतात. पिकअप मर्यादेंत राहते, पण ट्रेलर डुलतो. ट्रेलर नीट भरून धुरीवर शेंकडा १३ भार घेतला तर ते ३५१ होतात आणि एकूण बेरीज ८३२. ट्रेलर सुधारतो, पण पिकअपवर १५२ किलो जास्त होतात.

आम्हांस यांतलें वर्म हें वाटतें, कीं पिकअपमध्यें घातलेली प्रत्येक बैठक धुरीवरील तितकाच भार खाऊन टाकते. ओढण्याचा जो मोठा आंकडा विक्रेते सांगतात त्याची कसोटी गाडींत दोनच माणसें, तींही प्रत्येकीं ६८ किलोंचीं, धरून घेतलेली असते. मुलें दरवर्षीं वाढतात. आंकडा वाढत नाहीं. हवेच्या पिशव्यांनीं तर उलट अनर्थ केला होता. त्यांनीं गाडी उंच केली, पण आंस, चाकें, ब्रेक व सांगाडा होते तेच राहिले. आणि दबलेली गाडी पाहून माणूस जो सावध होतो तेवढी खूणही त्यांनीं पुसून टाकली.

आपल्याकडील पिकअपधारकांनींही यांतून कांहीं घ्यावें. हौद्यांत बांकें ठोकून लग्नाची किंवा यात्रेची मंडळी नेणें येथें सर्रास चालतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तेंच उचलून धरलें आहे. माणसें न्यावयाचीं असतील तर दोन बांकांचीच गाडी पाहावी. आणि एका आंसाच्या ट्रॉलींत ऊंस मागें लोंबेल इतका भरला, तर धुरी वर उचलली जाऊन ट्रॅक्टरच्या मागल्या चाकांची पकड सुटते, हें घाटांत ज्यानें अनुभवलें असेल त्यास उलाळ या शब्दाचा अर्थ पुन्हां सांगावा लागणार नाहीं.

त्या दिवशीं ट्रेलर तेथेंच एका तळावर ठेवून मंडळी नुसत्या पिकअपनें घरीं परतली. मुलें वाटभर रुसून होतीं. पुढल्या आठवड्यांत पुतण्या एकटाच जाऊन, माल पुढें लावून, तोच ट्रेलर त्याच गाडीनें सुखरूप घेऊन आला. पांच माणसें कमी होतीं एवढाच फरक. त्यानंतर त्यानें छत विकलें व ट्रेलर देऊन १८०० किलोंचा लहान घेतला. त्याच्या धुरीचे २३४, लोखंडाचे ४०, माणसें व आसनें यांचे २८६ आणि सामानाचे ७० मिळून ६३० होतात. पन्नास किलो शिल्लक राहतात. २०२४ च्या उन्हाळ्यांत ते ब्लॅक हिल्सला जाऊन आले. निघण्यापूर्वीं वहिनींनीं ट्रेलरला एक फेरी घालून मागल्या टोंकाशीं ठेवलेली पाण्याची दोन पिंपें पुढें हलवावयास लाविलीं, असें सूनबाईंनीं फोनवर सांगितलें. थोरल्या मुलास आतां कुत्रा हवा आहे, आणि त्याचें वजन किती असावें याची घरांत चर्चा चालू आहे.