भिंतीचा हिशेब

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेनऊलाच ऊन अंगावर येऊन राहिलं होतं. मानेवाडा रोडच्या एका ले-आउटमध्ये भाची आपली दोन खोल्यांची जागा खाली करत होती. खाली टेम्पो उभा, वर गाठोडी. तेवढ्यात घरमालक काका हातात दोनशे पानी वही आणि टॉर्च घेऊन जिना चढून आले. भर दिवसा टॉर्च कशाला, हे मला पाच मिनिटांनी कळलं.

टॉर्च भिंतीला लावून तिरपा धरला की बुजवलेलं भोकसुद्धा दिसतं. भाचीनं आदल्या रात्री खिळ्यांच्या भोकांत टूथपेस्ट भरली होती. काकांनी एक भोक नखानं खरवडलं, बोटाचा वास घेतला आणि हसले. "हे सगळेच करून राहतात बेटा."

मग नळ झाले, कड्या झाल्या, सिंकखालचा पाइप झाला. प्रत्येक बटण दोनदा दाबून पाहिलं. पंख्याचा रेग्युलेटर तीनच्या पुढे सरकत नव्हता, वहीत साडेतीनशे पडले. साफसफाई पाचशे. शेवटचं लाइट बिल यायचं होतं, त्याचे दीड हजार राखून ठेवले. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. भाचीनंही मान डोलावली होती.

अडलं ते खिडकीपाशी.

नागपुरात भाड्याचं घर पाहताना माणूस नळाच्या आधी कूलर कुठे बसेल ते पाहतो. बाहेरून लोखंडी स्टँड, त्यावर डेझर्ट कूलर, तोंड खिडकीत. मार्चमध्ये नवं गवत भरायचं, पंप तपासायचा, आणि मग पावसाळ्यापर्यंत पाणी चालू. ते पाणी थेंबाथेंबानं खिडकीच्या चौकटीत उतरतं. त्यात बोअरचं पाणी असलं तर भिंतीवर पांढरा क्षार फुलतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. खिडकीखाली हात-दीड हात रुंद असा एक नकाशा तिथं उमटलेला होता. काकांनी त्यावर टॉर्च बराच वेळ धरला. वहीत आकडा पडला सात हजार. पुढे लिहिलं, 'रंग'.

डिपॉझिट होतं चोवीस हजार, म्हणजे आठ हजार किरायाप्रमाणे तीन महिन्यांचं. काकांच्या वहीनुसार परत मिळणार होते चौदा हजार सहाशे पन्नास.

"काका, कूलर तर इथे सगळेच लावतात."

"लावा ना. मी कुठे नाही म्हणून राहिलो? पण भिंत माही आहे ना."

मी करारनामा मागितला. अकरा महिन्यांचा, स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला. त्यात मांसाहारी स्वयंपाकावर एक पूर्ण परिच्छेद होता आणि भिंतीवर अक्षरही नव्हतं. 'जागा सुस्थितीत परत करावी' एवढंच. दिली तेव्हा ती कशी होती, हे कुठेच नाही.

हा अकरा महिन्यांचा मामला गमतीचा आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला एरवी नोंदणीची सक्ती नाही, म्हणून देशभर अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र त्याचा उपयोग नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं ग्राह्य, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. चुकणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणी तरी केवढ्याची? भाचीच्या कराराला मुद्रांक शुल्क साधारण सव्वादोनशे आणि नोंदणी फी हजार रुपये पडली असती. ते शुल्क काढताना शासन किरायासोबत डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याजही हिशेबात धरतं. म्हणजे ही रक्कम घरमालकाच्या हाती नुसती पडून नसते, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. ते व्याज किरायेदाराच्या वाट्याला येत नाही, ही गोष्ट वेगळी.

भाचीच्या मनात दुसरंच चाललं होतं. तिनं मला बाजूला घेतलं. "मामा, चाबीच नाही दिली तर?"

पैशाआधी चाबी की चाबीआधी पैसे, यावरच असले बहुतेक तंटे पेटतात. पण त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की मुदत संपूनही लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा हटला नाही, तर त्याला दुप्पट भाडं भरपाई म्हणून द्यावं लागू शकतं. डिपॉझिट दाबून बसलेल्या मालकासाठी असं दुपटीचं कलम मी शोधलं, सापडलं नाही. डिपॉझिट सोडवायला नोटीस, मग दिवाणी दावा, तोही तीन वर्षांच्या आत. किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून लोकअदालत. भाची चालली होती अमरावतीला; सात हजारांसाठी तिथून तारखांना कोण येणार? हे काकांनाही ठाऊक होतं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर नाही, आणि रंगरंगोटी मालकाच्या यादीत टाकली आहे. पण तो नमुना आहे. राज्यानं उचलला तरच लागू.

मी काकांना हे सगळं ऐकवलं नाही. त्यांनीच खुर्ची मागून घेतली, पाणी प्याले आणि बोलू लागले. आधीचा किरायेदार तीन महिन्यांचं लाइट बिल थकवून रात्रीतून गेला. त्यांच्या वडिलांच्या काळात १९४९ चा सी. पी. अँड बेरार आदेश होता. भाडे नियंत्रकाची परवानगी मिळाल्याशिवाय किरायेदाराला घर सोडायची नोटीससुद्धा देता येत नसे. २००० साली तो आदेश गेला, पण नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घराच्या दोन खोल्या तोवर परक्याच झाल्या होत्या. "बसला तं उठत नाही, बाप्पा." ही धास्ती त्यांच्याकडे वारशानं आली होती, आणि ती खोटी नव्हती.

इतका वेळ भाची फोन चाळत बसली होती. अचानक तिनं तो काकांपुढे धरला. जुलैमधला तिचा वाढदिवस. केक, तीन मैत्रिणी, कागदी टोप्या. आणि मागे, एका मैत्रिणीच्या कोपरापाशी, तोच डाग. तेव्हा ती येऊन दोन आठवडे झाले होते, बाहेर पाऊस होता आणि तिचा कूलर अजून दुकानात होता. तो तिनं मार्चमध्ये घेतला.

काकांनी चष्मा वर केला. फोटो दोन बोटांनी मोठा केला. टॉर्चपेक्षा जास्त वेळ त्यांनी त्या फोटोकडे पाहिलं.

"होता. पण एवढा नव्हता."

त्यावर भाचीलाही काही बोलता आलं नाही. खरंच एवढा नव्हता.

मग दहा मिनिटं खालीवर झालं. साफसफाई कटली, रंगाचे तीन हजारांवर आले, रेग्युलेटर राहिला, बिलाचे दीड हजार राहिले. एकोणीस हजार दीडशे तिच्या खात्यात आले तेव्हा तिनं चाबी वहीवर ठेवली. वहीत काकांनी तिची सही घेतली, खाली आपलीही केली.

जूनमध्ये बिल आलं, तेराशे दहा रुपयांचं. काकांनी बिलाचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ, न मागता, एकशे नव्वद रुपये. रंग काही लागला नाही. जागा भाचीच्याच लॅबमधल्या एका मुलीनं घेतली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, खिडकीखाली मोठा डाग आहे, तुझ्या वेळी होता का?

भाचीनं तिला वाढदिवसाचा फोटो पाठवून दिला.