चित्रमालिका दिसते, गाणे का वाजत नाही?

सहलीच्या छायाचित्रांची मालिका घरी तयार केली, इंटरनेटवरून उतरवलेले गाणे तिला जोडले. शाळेच्या संगणकावर मात्र चित्रे सरकतात आणि गाणे गप्प! असे का होते?

बहुतेकदा गाणे मालिकेत शिरलेलेच नसते. २०१० पूर्वीचे पॉवरपॉइंट एमपी३ गाण्याचा फक्त पत्ता टिपून ठेवी. पेनड्राइव्हवर मालिका जाई, गाणे घरीच राही. तेव्हा आपण दोन्ही फाइली आधी एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात, मगच जोडाव्यात.

दुसरी अडचण कुलपाची. ॲपलने २००३ साली सुरू केलेल्या आयट्यून्स दुकानातली गाणी सुरुवातीला सांकेतिक रूपात बंद असत. किल्ली मान्यता दिलेल्या यंत्रांपाशीच. २००९ पासून नवी गाणी विनाकुलूप मिळू लागली. आधीची आपोआप उघडली नाहीत. अशा फाइलीच्या नावाअखेरचे ‘एम४पी’ खोडून काही जण ‘एमपी३’ लिहितात. पण बरणीवरची चिठ्ठी बदलली म्हणून लोणच्याचा मुरांबा होतो का? आतले आकडे तेच राहतात. (एखाद्या गाण्याच्या नावाला चित्राचे ‘जेपीजी’ जोडून वर्गात उघडून पाहावे.) एमपी३ हवे तर रूपांतर करणारा प्रोग्रॅमच लागतो, आणि कुलूपबंद फाइलीपुढे तोही हात टेकतो. अशी गाणी ध्वनीच्या सीडीवर उतरवण्याची मुभा मात्र ॲपलने दिली होती. त्या सीडीवरून एमपी३ करता येते, आवाजाचा दर्जा थोडा घसरतो इतकेच.