भोपाळचा विषारी कचरा जळाला. यकृत आणि थायरॉईडवरील परिणामांचे काय?

जबलपूर : भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील विषारी कचरा चार आठवड्यांत हलविण्याचा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या जबलपूर येथील मुख्य पीठाने ३ डिसेंबर २०२४ रोजी दिला. त्यानुसार ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरमधून धार जिल्ह्यातील पीथमपूरला रवाना झाला आणि जूनअखेर त्याचे दहन पूर्ण झाले. या काळात उत्सर्जन निर्धारित मर्यादेतच राहिल्याचे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले. मात्र, अशा रसायनांचा शरीरावरील परिणाम ओळखायचा कसा, हा प्रश्न उरतोच. त्याचा माग प्रामुख्याने यकृत आणि थायरॉईड (अवटू) ग्रंथीत घ्यावा लागतो.

कारखान्यात तयार होणारे सेविन हे कीटकनाशक निसर्गात तुलनेने लवकर विघटित होते. परिसरातील माती आणि भूजलाच्या तपासण्यांत आढळलेली हेक्झाक्लोरोबेंझिन व एचसीएच ही क्लोरिनयुक्त संयुगे मात्र दशकानुदशके टिकतात. असा कचरा अपुऱ्या तापमानावर जळाल्यास डायॉक्सिन आणि फ्युरान ही आणखी घातक द्रव्ये तयार होऊ शकतात. हेक्झाक्लोरोबेंझिन, डायॉक्सिन व फ्युरान यांचा समावेश २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या पहिल्या १२ रसायनांमध्ये आहे.

ही द्रव्ये पाण्यात नव्हे, तर चरबीत विरघळतात. त्यामुळे ती लघवीवाटे सहज बाहेर पडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनुसार शरीरातील डायॉक्सिनचे प्रमाण निम्मे होण्यास ७ ते ११ वर्षे लागतात. त्यांचा निचरा करण्यासाठी यकृत आपल्या विकरांचे (एन्झाइम) उत्पादन वाढवते. ताण असह्य होऊन पेशींना इजा झाली, की त्यांतील एएलटी (एसजीपीटी) आणि एएसटी (एसजीओटी) ही विकरे रक्तात उतरतात. रक्ततपासणीत तीच वाढलेली दिसतात.

थायरॉईडचा संबंध येथेच येतो. विषाचा निचरा करणाऱ्या विकरांपैकी काही थायरॉक्सिन या संप्रेरकालाही पित्तावाटे बाहेर टाकतात. रक्तातील थायरॉक्सिन घटले, की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी टीएसएच वाढवून थायरॉईडला अधिक काम करायला लावते. उंदरांवरील प्रयोगांत ही साखळी स्पष्ट दिसते. माणसांत परिणाम मात्रा व वयानुसार बदलतो. गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असल्याने गर्भवतींना धोका अधिक असतो.

इतिहासात याची उदाहरणे आहेत. तुर्कस्तानात १९५५ ते १९५९ दरम्यान हेक्झाक्लोरोबेंझिन लावलेला बियाण्याचा गहू खाण्यात आल्याने हजारो लोकांच्या यकृतातील एका विकराचे कार्य बिघडून पॉर्फिरिया हा आजार झाला. अनेक वर्षांनंतरच्या तपासणीत त्यांपैकी अनेकांची थायरॉईड ग्रंथी वाढलेली आढळली. इटलीतील सेवेसो येथे १० जुलै १९७६ रोजी डायॉक्सिनची गळती झाली. बाधित मातांना त्यानंतर १८ ते २९ वर्षांनी झालेल्या अर्भकांतही टीएसएच वाढल्याचे प्रमाण अधिक होते.

तथापि, एका अहवालावरून प्रदूषणाचा दोष सिद्ध होत नाही. एएलटी मद्यपान, मेदयुक्त यकृत वा काविळीमुळेही वाढते. टीएसएच आयोडीनच्या कमतरतेमुळे किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीतील बिघाडामुळेही वाढू शकते. उलट, अहवाल सामान्य आला म्हणून धोका टळला असेही नव्हे. म्हणूनच पीथमपूर व भोपाळमधील रहिवाशांच्या या दोन्ही तपासण्या ठरावीक अंतराने करून त्यांची बाधित नसलेल्या गावांशी तुलना करणे आवश्यक ठरते. नवजात अर्भकांची टीएसएच चाचणी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर होते.

दहनाने हा विषय संपलेला नाही. चुना व इतर पदार्थ मिसळल्यामुळे उरलेल्या राखेचे वजन मूळ कचऱ्याहून अधिक भरले आणि तिच्या विल्हेवाटीचा प्रश्नही उच्च न्यायालयासमोर आला. शिवाय, कारखान्याच्या आवारातील सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने २०१० मध्ये वर्तविला होता. जळालेला कचरा त्या तुलनेत अत्यल्प आहे.